मदत हवी आहे: ऑगस्टमधले पॅरिस आणि सोबत श्रावण पाळणाऱ्या सासूबाई

मोगरा_ठाणे

नमस्कार मंडळी,

१३ ते २० ऑगस्ट पॅरिसला चाललो आहोत. व्हिसा हातात आला, दोहामार्गे तिकिटे झाली, आणि मग लक्षात आले की बाकी कशाचाच पत्ता नाही.

आम्ही चौघे. मी, नवरा, १६ वर्षांची लेक आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे बोलतात, पण त्या त्यांचे ऐकत नाहीत. अंडे त्यांनी आयुष्यात खाल्लेले नाही. श्रावणात कांदा-लसूण बंद, आणि सोमवारचा उपास संध्याकाळी सोडतात. लेकीच्या मते पॅरिस म्हणजे खरेदी, तिची यादी माझ्या महिन्याच्या किराण्यापेक्षा लांब आहे. नवऱ्याचे म्हणणे, "खोलीवर आपण असणार किती वेळ? कुठलीही घ्या." त्याने एक शोधलीही आहे. सहावा मजला, उतरते छप्पर, खिडकीतून मान वाकडी केली की आयफेलचे टोक दिसते. एसी नाही, पंखा आहे. दर फारच बरा.

राहायचे कुठे, सासूबाईंना खायला काय घालायचे, आणि लेकीला कुठे नेले म्हणजे ती खूश होईल आणि आम्ही भिकेला लागणार नाही? एक संध्याकाळ तरी थाटाची हवी, लग्नाला वीस वर्षे होताहेत.

गोदाकाठ

ती खोली घेऊ नका. हात जोडून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नेमकी तसलीच घेतली होती, उतरते छप्पर वगैरे. फोटोत फार गोड दिसते. पॅरिसची ती करडी छपरे जस्ताच्या पत्र्याची असतात. छपरे घालणाऱ्या तिथल्या कारागिरांचे कसब २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, अभिनंदन, पण त्या पत्र्याखाली झोपायचे म्हणजे नाशिकला मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये झोपणे. दिवसभर तापलेला पत्रा रात्री दोनपर्यंत आत उष्णता सोडत राहतो. पंखा तीच गरम हवा इकडून तिकडे नेतो. खिडकी उघडावी तर खालच्या बारची मंडळी पहाटेपर्यंत जागी. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंतच होती, शेवटचा जिना गोल आणि लाकडी. तिसऱ्या रात्री बायकोने ओला टॉवेल पांघरला.

"युरोपात कसला उन्हाळा" असे आपल्याला वाटते. २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश नोंदले गेले आहे. दरवर्षी तसे होत नाही, एखाद्या ऑगस्टमध्ये स्वेटरही लागतो. पण उष्णतेची लाट आली तर जुन्या इमारतींत पळायला जागा नसते.

सेनकाठची_शमा

गोदाकाठ यांना अनुमोदन. मी इथे नऊ वर्षे आहे, दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईवडील येतात, त्यामुळे हे उत्तर पाठ झाले आहे.

मोगरा, तुझ्या घरच्यांसाठी मी आयफेलचा नाद सोडून गार द लियों स्टेशनजवळचा किंवा बेर्सी भाग घेईन. कारण मेट्रोची १४ नंबरची लाइन. पॅरिसची बहुतेक स्थानके म्हणजे जिनेच जिने, लिफ्टचा पत्ता नसतो. १४ नंबर नवी आहे, तिच्या सगळ्या स्थानकांवर लिफ्ट आहे. गार द लियोंहून हीच गाडी पिरामीदला जाते (लूव्र जवळ), पुढे मादलेन आणि सें-लाझार (मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स). म्हणजे सासूबाईंचे गुडघे आणि लेकीची यादी एकाच लाइनवर.

आणि हॉटेल नको, स्वयंपाकाचा ओटा असलेली अपार्ट-होटेल खोली घे. सितादिन, अदाजियो अशा साखळ्यांच्या अनेक शाखा आहेत. श्रावणात कांदा-लसूण नसलेले जेवण रोज बाहेर शोधण्यापेक्षा सकाळी कुकर लावणे सोपे. बुक करताना 'क्लिमातिझासियों' (म्हणजे एसी) हा शब्द खोलीच्या वर्णनात बघ. लॉबीत एसी आणि खोलीत पंखा असेही असते. लेखी विचारून घे.

गार द लियोंहून चालत पंधरा मिनिटांवर आलिग्रचा बाजार आहे, सोमवारी बंद, इतर दिवशी सकाळी भरतो. ऑगस्टमध्ये पीच, अंजीर, आणि मिराबेल म्हणून छोटी पिवळी प्लम येतात, सासूबाई त्यांच्यावरच उपास काढतील.

विमानतळावरून टॅक्सी करा. शार्ल द गोलहून दर ठरलेले असतात: २०२५ मध्ये सेन नदीच्या उजव्या काठाला ५६ युरो, डाव्याला ६५. तुमचा भाग उजव्या काठाला येतो. रेल्वेचे तिकीट माणशी १३ युरो होते, म्हणजे चौघांचे ५२. चार युरोंसाठी बॅगा घेऊन जिने चढू नका. फक्त टॅक्सीच्या रांगेतलीच घ्या, आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" म्हणणाऱ्याच्या मागे जायचे नाही.

शहर बघायला ६९ नंबरची बस. बास्तीय, नगरपालिका, लूव्र, ओर्से, अँवालीद, आणि शेवटी आयफेलसमोरचे शां द मार्स. दोनदा बसा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सासूबाईंचे अर्धे पॅरिस बसून बघून होईल.

अण्णा_फिरस्ते

जरा स्पष्ट बोलतो. ७१ वर्षांच्या बाईंना श्रावणात पॅरिसला न्यायचेच कशाला? त्यांना काशी-रामेश्वर दाखवा. तुमचेही फिरणे होईल.

मोगरा_ठाणे

@अण्णा, काशी दोनदा झाली. पॅरिस त्यांनीच सुचवले, आणि अर्धे पैसेही त्यांचेच आहेत. :)

@शमा, तू देवासारखी धावलीस. ती खोली रद्द केली, नवरा दोन तास बोलला नाही. आता खाण्याचे सांगा. सासूबाई तुपाची बरणी आणि पेढे घेऊन निघाल्या आहेत, ते चालेल ना?

पोटोबा_आधी

तूप आणि पेढे घरीच ठेवा! युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सापडले तर टाकून देतात. मेतकूट, भाजणी, राजगिरा, वरई, दाण्याचे कूट बिनधास्त न्या. लोणी तिथे असे मिळते की तूप तिथेच कढवा.

आता नियम असा की फ्रेंच मिठाईच्या दुकानात अंडे नाही असे समजूच नये. माकारों म्हणजे तर अंड्याचा पांढरा भाग आणि बदाम. ब्रियोश, टार्ट, क्रेप, सगळ्यात असते. पण पाव! 'बागेत द त्रादिसियों' मागा. १९९३ च्या सरकारी हुकुमानुसार त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढेच मुख्य घटक असतात. इतक्या कायदेशीर बंदोबस्तातला शाकाहार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. चीजबद्दल मात्र कडक असाल तर ध्यानात घ्या, कोंते, रोकफोर यांत जनावराच्या जठरातले, दूध फाडणारे रेनेट असते.

गार द्यु नोर स्टेशनच्या मागे ला शापेल भाग आहे, तमिळ लोकांचा. गार द लियोंहून आरईआर डी या उपनगरी रेल्वेने दोनच स्थानके. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, साबुदाणा सगळे मिळते. रू काय वर कृष्ण भवन शुद्ध शाकाहारी आहे, फोबूर सें-दनीवर सरवण भवनही आहे. सांबारात कांदा असणारच, इडली-चटणी किंवा दहीभात मागा. जवळच रू पाजोलला माणिक्क विनायकर, म्हणजे आपल्या गणपतीचे देऊळ आहे. ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याचा रथ निघतो, रस्त्यावर नारळांचा ढीग फुटतो. तुमची तारीख चुकणार, पण दर्शन होईल.

तुम्हा बाकी तिघांसाठी: मारे भागात रू दे रोझिएवर फलाफल, शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी तिथली बरीच ज्यू दुकाने बंद असतात. मोंपारनासला ब्रिटनी प्रांताच्या धाटणीच्या गालेत, म्हणजे धिरडी, कारण ब्रिटनीच्या गाड्या त्याच स्टेशनात येतात. त्या बकव्हीटच्या असतात, म्हणजे उत्तरेतले कुट्टू, जे तिकडे उपासाला चालते. 'काँप्लेत' मागू नका, तिच्यात हॅम आणि अंडे येते. पिठात अंडे आहे का तेही विचारा.

वेळा सांभाळा. दुपारचे जेवण बारा ते दोन, रात्रीचे सातनंतर. मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, 'युन कराफ दो' म्हटले की नळाचे पाणी फुकट येते. रस्त्यावरच्या हिरव्या वॉलेस कारंज्यांचे पाणीही पिण्याचेच.

सेनकाठची_शमा

पोटोबांनी एक सांगितले नाही, ऑगस्टमध्ये पॅरिस सुट्टीवर असते. १५ ऑगस्ट तर इथेही सार्वजनिक सुट्टी, मेरीचा सण. कोपऱ्यावरची बेकरी, आवडते छोटे रेस्तराँ, चांभार, सगळ्यांच्या दारावर 'अमुक तारखेला भेटू' अशी चिठ्ठी. इल सें-लुई बेटावरचे प्रसिद्ध बेर्तियों आइस्क्रीम ऐन ऑगस्टमध्ये बंद असते, आइस्क्रीमवाला उन्हाळ्यात गावाला जातो हे फक्त इथेच. घाबरू नकोस, शेजारचे कॅफे त्याचेच आइस्क्रीम विकतात. सासूबाईंना सॉर्बे दे, फळ, साखर, पाणी. तेव्हा ज्या रेस्तराँवर जीव जडला असेल तिथे आधी फोन कर.

थाटाची संध्याकाळ म्हणशील तर महागडे जेवण सोड. गालरी लाफायेत या डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर जा, फुकट आहे, समोर ऑपेरा आणि लांब आयफेल. आत १९१२ चा काचेचा घुमट बघायला विसरू नका. मग खाऊची पिशवी घेऊन सेनच्या काठावर. ऑगस्टच्या मध्यात सूर्य नऊनंतर मावळतो, आयफेलची पहिली चमचम दहाला, पाच मिनिटे. पर्स पुढे धरायची, आणि कुणी मनगटात दोरा बांधायला आले तर हात खिशात.

पिशवीवाली

खरेदीबद्दल वाईट बातमी आधी. फ्रान्समध्ये सेल सरकारी तारखांनुसार लागतो. उन्हाळ्याचा सहसा जूनच्या शेवटच्या बुधवारी सुरू होतो आणि चार आठवड्यांत संपतो. तुम्ही पोचाल तेव्हा काचेमागे शरदातले कोट लागलेले असतील, पूर्ण किमतीत.

म्हणून एक दिवस ला व्हाले व्हिलेजला द्या. मोठ्या नावांचा मागच्या हंगामाचा माल, गार द लियोंहून आरईआर ए ने व्हाल द्युरोप स्थानक. लेकीला आधीच आकडा सांगून टाका, तिथे जाऊन सांगितले तर रडारड होते. क्रीम-लोशनच्या यादीसाठी रू द्यु फूरवरचे सिटीफार्मा, सकाळी उघडताच जा, नंतर आत मुंबई लोकल. नातेवाइकांसाठी साधे मोनोप्री सुपरमार्केट: मस्टर्ड, खाऱ्या लोण्याची बिस्किटे (यातही अंडे बघा), साबण. सें-तुआंचा जुना बाजार या वेळी सोडा, ऑगस्टच्या मध्यात अर्धे गाळे बंद असतात.

करपरतावा घ्याच. एका दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून 'देताक्स'चा फॉर्म मागायचा. व्हॅट २० टक्के असला तरी हातात साधारण १२ टक्केच येतात. सगळी बिले एकाच मोठ्या माणसाच्या पासपोर्टवर करा, लेकीच्या नको. विमानतळावर बॅगा टाकायच्या आधी पाब्लो नावाच्या यंत्रावर फॉर्मचा बारकोड दाखवायचा, माल बघायला मागू शकतात. तुम्ही दोहामार्गे परतताय, म्हणजे हे पॅरिसलाच उरकले पाहिजे. मी एकदा बॅग आधी टाकली आणि परतावा कतारच्या आकाशात विरघळला.

गोदाकाठ

लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. लूव्रचे तिकीट वेळेसकट आधी काढा. नोत्र-दाम डिसेंबर २०२४ पासून पुन्हा उघडले आहे, प्रवेश फुकट.

मोगरा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. बेर्सीला ओटा असलेली खोली घेतली, एसीचे लेखी उत्तर आले. तूप-पेढे परत फडताळात. लेकीला आकडा सांगितला, सध्या ती माझ्याशी बोलत नाही. नवरा बोलू लागला आहे.

एकच अडचण उरली होती. सूर्य नऊनंतर मावळतो म्हटल्यावर सोमवारचा उपास सोडायचा कधी? भीतभीत सासूबाईंना विचारले. त्यांनी शांतपणे हिशेब केला, ठाण्यात सात म्हणजे तिकडे किती? साडेतीन, मी म्हटले.

"मग साडेतीनला वरणभात लाव. माझा महादेव ठाण्याचा आहे."