सल्ला हवा: ख्नूम देवाची मंदिरे आणि शिल्पे कुठे पाहावीत?

प्रश्न
नमस्कार. येत्या हिवाळ्यात आम्ही इजिप्तमध्ये लक्झर ते आस्वान असा प्रवास करणार आहोत. मेंढ्याचे मुख असलेला ख्नूम कुंभाराच्या चाकावर माणूस घडवतो, या कल्पनेचे मला फार आकर्षण आहे. वेळ थोडा आहे. तेव्हा नेमके काय पाहावे, आणि लक्झरच्या कर्नाक मंदिराच्या वाटेवरची मेंढामुखी शिल्पे त्याचीच आहेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1
कर्नाकची शिल्पे अमून या देवाच्या मेंढ्याची आहेत. खूण शिंगांत आहे: अमूनच्या मेंढ्याची शिंगे कानाभोवती खाली वळतात, तर ख्नूमची शिंगे पिळदार असून दोन्ही बाजूंना आडवी पसरलेली असतात. एकच ठिकाण निवडायचे असेल, तर लक्झरच्या दक्षिणेस सुमारे 55 किलोमीटरवर असलेले एस्ना निवडावे, असे माझे ठाम मत आहे. तेथे ख्नूमच्या मंदिराचा 24 खांबांचा सभामंडप उरला आहे आणि तो आजच्या रस्त्यापेक्षा सुमारे 9 मीटर खोल असल्यामुळे पायऱ्या उतरून जावे लागते. 2018 पासून इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी शतकानुशतकांची काजळी काढल्यावर खांबांवरचे आणि छतावरचे मूळ रंग पुन्हा दिसू लागले आहेत. तेथील ख्नूमचे एक स्तोत्र जवळजवळ केवळ मेंढ्यांच्या चित्राक्षरांनी लिहिलेले आहे. वाटाड्याला ते आवर्जून दाखवायला सांगावे, कारण इतक्या नक्षीत ते सहज नजरेतून सुटते.

प्रतिसाद 2
एस्नाबद्दल सहमत आहे. पण आपल्याला चाकाचेच आकर्षण असेल, तर आधी लक्झरजवळच्या देर अल-बहारी येथील राणी हत्शेपसूतच्या मंदिरात जावे. मधल्या गच्चीवरील जन्मकथेच्या शिल्पपटात ख्नूम हत्शेपसूत आणि तिचा ‘का’, म्हणजे तिचे प्राणतत्त्व, अशा दोन बालमूर्ती घडवताना दिसतो आणि समोर गुडघे टेकलेली बेडूकमुखी देवी हेकेत त्यांना जीवनचिन्ह देते. राणीचा जन्म असूनही दोन्ही बालके मुलग्यांच्या रूपात कोरलेली आहेत, हे जवळून पाहण्यासारखे आहे. शिल्प झिजलेले असल्याने तेथे घाई करू नये.

आस्वानजवळच्या एलिफंटाईन बेटावर ख्नूमच्या मंदिराचे आता अवशेषच उरले आहेत, तरी नाईलचा पूर याच भागातून उगम पावतो आणि तो ख्नूमच्या हाती आहे, अशी श्रद्धा होती. आस्वानजवळच्याच सेहेल बेटावरील, टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळातल्या शिलालेखात 7 वर्षांच्या दुष्काळानंतर ख्नूम फार पूर्वीच्या राजा जोसेरच्या स्वप्नात येऊन पाण्याचे वचन देतो. तेथे होडीने जाता येते. मात्र शेवटची चढण खडकाळ आहे, म्हणून सकाळीच निघावे.