किनारी शहरात घर घेताना वस्ती कशी निवडावी?

प्रश्न: समुद्रकाठच्या एका लहान शहरात आम्हाला कायमचे राहायला जायचे आहे. किनाऱ्यालगतची वस्ती, बाजारपेठेजवळचा जुना भाग आणि टेकडीवरची नवी वसाहत असे तीन पर्याय असून, सोबत वृद्ध आईवडील आहेत. नेमके काय तपासावे?

प्रतिसाद १: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, त्या वेळी गटारांची समुद्राकडची तोंडे पाण्याखाली जातात आणि तेव्हाच जोराचा पाऊस झाला, तर पाणी सखल गल्ल्यांत तुंबते. भिंतीच्या तळाशी दिसणारी ओलीची आडवी रेघ मालकाच्या आश्वासनापेक्षा अधिक विश्वासार्ह असते. विहिरीचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस तपासून घ्यावे, कारण उपसा वाढला की जमिनीखालून खारे पाणी आत सरकते.

प्रतिसाद २: खारा वाराही विसरू नये. त्यातील क्षार काँक्रीटमध्ये झिरपून सळ्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि छताचे पोपडे सुटू लागतात. शेजारच्या जुन्या इमारतींचे गज आणि सज्जांची खालची बाजू पाहावी. समुद्रदर्शनी सदनिका हा, मला तरी, हौसेचा आणि सततच्या डागडुजीचा सौदा वाटतो.

प्रतिसाद ३: आईवडिलांचा विचार करता जुना भाग बरा, मात्र तो सखल नसावा. टेकडीवर हवा चांगली असली, तरी दवाखान्यापर्यंतचा चढ-उतार त्यांच्यासोबत एकदा पायी करून पाहा. शक्य असल्यास आधी भाड्याने राहून एक पावसाळा काढा.