समुद्राखालच्या केबलमधला प्रकाश वाटेतच विझत कसा नाही?

जिज्ञासू_वसई: मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या अनेक केबल जमिनीवर येतात. केसाएवढ्या काचतंतूतून प्रकाश हजारो किलोमीटर जातो, तर तो वाटेत बाहेर का पडत नाही आणि क्षीण का होत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रकाशवेध: तंतूच्या गाभ्याचा अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती मंदावतो याचे माप) भोवतालच्या आवरणापेक्षा किंचित अधिक ठेवलेला असतो, म्हणून सीमेवर अतितिरप्या कोनात आदळणारा प्रकाश बाहेर न जाता पूर्णपणे आत परावर्तित होतो. लांब पल्ल्याच्या तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा असतो, तर आवरणासह जाडी १२५ मायक्रोमीटर भरते.

तारायंत्री: क्षीण मात्र तो होतोच. काचेतली अशुद्धी काढल्यास हा ऱ्हास पुष्कळ घटेल, हे भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दाखवले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. माझ्या मते ते फार उशिरा मिळाले. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल असतो, म्हणजे १५ किलोमीटरनंतर निम्मा आणि १०० किलोमीटरनंतर अवघा एक टक्का प्रकाश उरतो. म्हणूनच साधारण ६० ते १०० किलोमीटरवर एर्बियम या धातूचा अंश मिसळलेल्या तंतूचे प्रवर्धक बसवतात, जे प्रकाशाचे विजेत रूपांतर न करताच त्याला बळ देतात. त्यांना लागणारी वीज किनाऱ्यावरून त्याच केबलमधल्या धातूच्या वाहकातून पुरवली जाते.

जिज्ञासू_वसई: मनःपूर्वक आभार. एकाच तंतूतून इतकी माहिती कशी मावते?

प्रकाशवेध: एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचे लेसर एकाच वेळी धावतात, आणि प्रत्येकाच्या कलेत (फेज, म्हणजे लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे) व ध्रुवीकरणातही (लहरीच्या कंपनाच्या दिशेतही) माहिती भरलेली असते.