मदत हवी आहे: क्युम्युलस पेशींसाठी रेफरन्स जीन कोणता?

इक्सीआधी (एक शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याआधी) बीजांडाभोवतीच्या क्युम्युलस पेशी काढाव्याच लागतात. त्याच जपून मी हॅस२, पीटीजीएस२ आणि ग्रेम१ क्यूपीसीआरने (जनुक किती सक्रिय आहे ते मोजणाऱ्या चाचणीने) मोजतेय. ही जनुकं जास्त सक्रिय तर बीजांडाचा दर्जा चांगला, असं २००४ पासून मांडलं जातंय.

घोडं अडलंय जीएपीडीएचवर, म्हणजे माझ्या रेफरन्स जीनवर (ज्याच्या तुलनेत बाकीची जनुकं मोजायची, म्हणून जे स्थिर हवं). एकाच रुग्णाच्या दोन बीजांडांत त्याचीच सीटी (संकेत दिसेपर्यंत लागलेली चक्रं) दोन-अडीचने हलते! डीएनेज केलंय (भेसळीचा डीएनए काढायला), प्रायमर तपासलेत, सीडीएनएसाठी (आरएनएवरून बनणाऱ्या डीएनए प्रतीसाठी) आरएनए समान घेतलंय (तेही जेमतेम मिळतं). नमुने एकत्र केले की आकडे शांत होतात, पण मग कुठलं बीजांड चांगलं तेच कळत नाही. आरएनए सीक्वेन्सिंगला निधी नाही. एथिक्सची परवानगी आहे.

या पेशींत खरंच स्थिर राहणारी रेफरन्स जीनची जोडी कोणी वापरली आहे का?