‘सॅलरीवर जाणं’ आणि ‘एक्झेम्प्ट’ : मराठीत काय म्हणाल?

आडवी रेघ :
भाची अमेरिकेत, ओहायोतल्या एका मोठ्या दुकानात चार वर्षं तासावर काम करत होती. मागच्या महिन्यात असिस्टंट मॅनेजर झाली. फोनवर म्हणाली, “मामा, मला सॅलरीवर घेतलं!” मी आईला सांगितलं, “तिला पगारावर घेतलं.” आई म्हणाली, “मग इतकी वर्षं काय फुकट राबत होती?”

चूक माझीच. आपल्याकडे तासाचा हिशोब असो की महिन्याचा, हातात येतो तो पगारच. तिकडे मात्र ‘अवर्ली’ आणि ‘सॅलरीड’ म्हणजे जवळजवळ दोन वेगळ्या पंगती. अवर्लीने आल्यागेल्याची वेळ नोंदवायची, उशीर झाला की तेवढे पैसे कापून घ्यायचे. सॅलरीड माणूस दुपारी डॉक्टरकडे जाऊन आला तरी त्याचा आठवड्याचा आकडा बदलत नाही.

भाचीच्या कागदावर पुढे ‘एक्झेम्प्ट’ असं आहे. कोशात ‘सूट मिळालेला, माफ’. ते ऐकून आईने विचारलं, “टॅक्स माफ झाला का?” चांगला शब्द सुचवा.

जुनी वही :
‘मुशाहिरा’ चालेल का? दरमहा ठरलेली रक्कम असा नेमका अर्थ आहे, मुळात अरबीतल्या ‘महिना’वरूनच आलाय. आणि तासावरच्याला ‘रोजंदार’. ‘पगार’ हा पोर्तुगिजांकडून आलेला, त्यात फक्त ‘पैसे चुकते करणं’ आहे. रोजचे की महिन्याचे, हे तो सांगतच नाही.

आडवी रेघ :
मुशाहिरा छान, पण आईला पेशवाईत नेऊन सोडल्यासारखं होईल. आणि ‘रोजंदार’मध्ये आज काम आहे, उद्या नाही, असा वास येतो. अवर्ली माणूस एकाच ठिकाणी वीस वर्षंही असू शकतो.

शेंगदाणा :
सॅन होजेत राहतो. ‘एक्झेम्प्ट’मध्ये सूट कुणाला, हा खरा प्रश्न आहे. सूट मालकाला! १९३८ च्या फेडरल (केंद्र सरकारच्या) कायद्याने आठवड्याला ४० तासांच्या वर काम केलं की दीडपट दर द्यावा लागतो. व्यवस्थापक, प्रशासकीय आणि व्यावसायिक कामं करणाऱ्यांना त्यातून वगळलं. अशा पगारदाराला वगळायचं तर आठवड्याला किमान ६८४ डॉलर ठरलेला पगार हवा (वर्षाला ३५,५६८). २०२४ मध्ये ही मर्यादा वाढवली होती, पण त्याच नोव्हेंबरात टेक्सासमधल्या फेडरल कोर्टाने तो नियम रद्द केला आणि आकडा परत ६८४ वर आला. आमच्या कॅलिफोर्नियात मर्यादा बरीच वर आहे, राज्याच्या किमान वेतनाच्या दुप्पट.

आता हिशोब बघा. तासाला १४ डॉलर मिळवणारी मुलगी ४० तासांचे ५६० घेते. तिला सांगितलं, आठवड्याला ७०० पक्के. वाटतं, चांगली वाढ झाली! पण मॅनेजर म्हणून ५५ तास भरायला लागले की ताशी पडले पावणेतेरासुद्धा नाहीत. तीच तासावर राहिली असती तर वरच्या १५ तासांचे २१ च्या दराने ३१५ धरून ८७५ झाले असते.

म्हणून माझं मत ‘ओव्हरटाइमबाह्य’. ओबडधोबड आहे, पण खोटं बोलत नाही.

चिंचवडचा स्टाफ :
हे आमच्याकडे काय नवीन आहे! ऑपरेटरला ‘ऑफिसर’ केलं की तो युनियनमधून बाहेर, आणि ओटी, म्हणजे ओव्हरटाइमही गेला. आपल्याकडे कायद्याने ओटी दुप्पट आहे बरं का, दीडपट नाही. आम्ही ‘वर्कर’ आणि ‘स्टाफ’ म्हणतो. ‘तिला स्टाफमध्ये घेतलं’ म्हणा, आजीला लगेच कळेल.

जुनी वही :
‘पांढरपेशा’ कुणालाच आठवला नाही? १८५७ च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात आहे. पण तिथे तो जातींच्या यादीनेच समजावलाय : ब्राह्मण, प्रभू, शेणवी वगैरे, कुणब्यांहून वेगळे. अमेरिकन ‘व्हाइट कॉलर’ला, म्हणजे ऑफिसातल्या नोकरदाराला, आपण तोच शब्द लावतो, आणि नकळत जन्म आत घुसतो. तिकडचं पांढरं म्हणजे खरंच कापड. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावात सुट्या कॉलरी बनत. सदरा तोच, कॉलर काढून धुवायची. त्या धुणाऱ्या-इस्त्री करणाऱ्या बायकांनी १८६४ मध्ये केट मुलेनीच्या पुढाकाराने युनियन काढली आणि संप करून मजुरी वाढवून घेतली. पांढरी कॉलर पांढरी ठेवणाऱ्यांची कॉलर कुठल्या रंगाची, ते कुणी विचारलं नाही.

शेंगदाणा :
वा! आणि आता पदव्यांचाच रंग उडालाय. २०२३ मध्ये तिथल्या अर्थतज्ज्ञांनी नोकरीच्या जाहिराती तपासल्या, तर पगाराच्या त्या मर्यादेच्या जरा वर मॅनेजरांचं पीक आलेलं. सतरंज्या धुणारा ‘कार्पेट शॅम्पू मॅनेजर’. काउंटरवरचा माणूस ‘डायरेक्टर ऑफ फर्स्ट इम्प्रेशन’. कायद्याने नुसत्या नावाला अर्थ नाही, प्रत्यक्षात मुख्य काम व्यवस्थापनाचं हवं, हाताखाली दोन पूर्णवेळ माणसं हवीत. पण भांडायला कोण जातो? वॉलमार्टमध्ये सगळे ‘असोसिएट’, स्टारबक्समध्ये ‘पार्टनर’. ह्याला मराठीत ‘भागीदार’ लिहा आणि मग वाटा मागून बघा.

पाटीवरची धूळ :
थोडं अवांतर. वर्तमानपत्रं ‘सोशल मोबिलिटी’ला ‘सामाजिक गतिशीलता’ लिहितात. एसटीचं वेळापत्रक वाटतं. आपल्याकडे ‘वर येणं’ आहे की : गरिबीतून वर आला, पोरांनी घर वर काढलं. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजलं. १९४० मध्ये जन्मलेल्या अमेरिकनांपैकी सुमारे ९० टक्के आईबापांपेक्षा जास्त कमावू लागले. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण जेमतेम निम्मं. ‘वर आले’ म्हणायला निम्मीच माणसं उरली.

मला वाटतं ‘सॅलरीवर जाणं’ हे त्या वर येण्याचं राहिलेलं एक चिन्ह आहे, पैसे वाढोत न वाढोत. म्हणून ते सरळ ‘सॅलरीवर गेली’ असंच ठेवा. ‘पगार’ नको, ‘मुशाहिरा’ नको.

आडवी रेघ :
पटलं. कागदापुरतं ‘ओव्हरटाइमबाह्य’, घरात ‘सॅलरीवर गेली’. चिंचवडकर, ‘स्टाफमध्ये घेतलं’ आईला सांगून पाहिलं. म्हणाली, “मग आता तासांचा हिशोब कोण ठेवतं?” मी भाचीला विचारलं. म्हणाली, “मामा, आता कुणीच ठेवत नाही.” जरा थांबून म्हणाली, “मीच ठेवते, वहीत. मागचा आठवडा ५३.”