पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलचं ऑइल घरीच बदलायचंय, कोणतं घालू? झाकण खोलू की पंपाने ओढू?

रविवारचा_मेकॅनिक
नमस्कार मंडळी. सेकंड हँड पिकअप घेतलीय, साधी, मागे पाटे, फोर बाय फोर वगैरे काही नाही. आधीच्या मालकाला विचारलं डिफरन्शियलचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल कधी बदललं होतं तर म्हणतो "ते कुठे बदलायचं असतं". मॅन्युअल गाडीसोबत मिळालेलं नाही. खाली घुसून बघितलं, तेल भरायचा फिलर प्लग आहे पण तेल सोडायचा ड्रेन प्लगच नाही, मागे गोल झाकण आहे बोल्टांनी आवळलेलं. आवाज-बिवाज काही नाही. तर प्रश्न दोन, एक म्हणजे ८०डब्ल्यू-९० साधं घालू की ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक, आणि दुसरा, झाकण न खोलता फिलरमधून पंपाने ओढून काढलं तर चालतं का. बजेट फक्त ऑइलचं आहे. पंप उसना मिळतोय. नवीन हत्यारं घ्यायची नाहीत, आधीच सांगतो कारण पुढे काय होणार ते मला माहितीय.

नट_बोल्ट_नाना
ड्रेन प्लग नाही म्हणजे झाकण खोलायचं, विषय संपला. पंपाने वरवरचं येतं, गाळ तळाशीच बसून राहतो. आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळायचा) घेऊनच टाक एकदा, झाकणाचे बोल्ट अंदाजाने आवळणारे लोक बघितलेत मी, झाकण वाकतं आणि मग गळतंय गळतंय करत फिरतात. माझा टॉर्क पाना इतकी वर्षं झाली, अजून नव्यासारखा आहे, केसमध्ये ठेवतो.

सिंथेटिकशिवाय_नाही
७५डब्ल्यू-१४० फुल सिंथेटिक. डोळे झाकून. मी मागे ट्रेलर ओढतो, भर उन्हात, चढावर, डिफला हात लावून बघितला तरी नॉर्मल. साधं ऑइल घालून वाचवलेले पैसे क्राऊन-पिनियनला (डिफमधल्या मुख्य गिअरच्या जोडीला) जातात हे लक्षात ठेव भावा.

रविवारचा_मेकॅनिक
दादा मी ट्रेलर ओढत नाही. फार तर मागे थोडं सामान असतं.

सिंथेटिकशिवाय_नाही
आज नाही ओढत. उद्या ओढशील.

तेलकट_हात
बाकी काहीही कर पण आधी फिलर प्लग सुटतोय का बघ, मगच जुनं तेल काढ. मी गाडी गॅरेजला दिली होती, पठ्ठ्याने आधी खालून सगळं तेल सोडलं आणि मग वरचा प्लग सुटेना. त्याच्या चौकोनी खाचेचे कोपरे गोल करून ठेवले. गाडी आत कोरडी डिफ घेऊन उभी, चालवायची सोय नाही, शेवटी प्लगवर नट वेल्ड करून सोडवला आणि ते वेल्डिंगचे पैसे पण माझ्याचकडून. विचारलं तर म्हणे गाडी जुनी आहे.

गप्पिष्ट_गिअर
९० नंबर म्हणजे फारच जाड हो. आमच्याकडे एक जण डिफमध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल घालतो, गाडी फुलासारखी पळते म्हणतो.

क्राऊन_पिनियन
गप्पिष्टभाऊ, असं सांगू नका कोणाला. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या नंबरांची मोजपट्टीच वेगळी आहे. गरम असताना, म्हणजे १०० डिग्रीला मोजलं तर ९० चं गिअर ऑइल साधारण ४०-५० च्या इंजिन ऑइलइतकंच जाड भरतं, त्यामुळे प्रश्न जाडीचा नाहीच. मागच्या डिफमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, हायपॉइड म्हणतात ते, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत तर घसटतात. त्या दाबाखाली तेलाचा थर तुटतो आणि तिथे गंधक-फॉस्फरसवाली अ‍ॅडिटिव्हं लागतात. गिअर ऑइलचा तो नाकात जाणारा वास गंधकाचाच. इंजिन ऑइलमध्ये ती त्या प्रमाणात नसतात. म्हणून डब्यावर जीएल-५ (अशा दाबाच्या गिअरसाठीचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्यायचं.

रविवारच्या भावासाठी: ओढायचं काही नसेल आणि कडाक्याची थंडी नसेल तर ८०डब्ल्यू-९० जीएल-५ साधं भरपूर झालं. ७५डब्ल्यू थंडीत लवकर वाहतं, एवढाच त्या पहिल्या आकड्याचा अर्थ. मॅन्युअल नाही तर मॉडेलचं नाव आणि साल टाकून कंपनीच्या साइटवर शोध, बहुतेकदा मिळतं, त्यात ग्रेड आणि किती लिटर हे दोन्ही असतं. अशा गाड्यांना बहुधा दोन-तीन लिटरच्या आसपास लागतं पण अंदाजावर जाऊ नकोस.

आणि लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं गरगरू न देणारा डिफ) आहे का ते आधी बघ. असेल तर त्याला बहुधा फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण सांभाळणारं अ‍ॅडिटिव्ह) असलेलंच तेल लागतं, नाहीतर वळताना मागून थरथरते गाडी.

गप्पिष्ट_गिअर
मी घालतो असं कुठे म्हणालो, एक जण घालतो म्हणालो. आणि जीएल-५ सगळीकडे घालू नका बरं का, जुन्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगा असतात त्यांना ते खाऊ शकतं. तिथे जीएल-४.

नट_बोल्ट_नाना
गिअरबॉक्सचं कोणी विचारलंय इथे?

गप्पिष्ट_गिअर
माहिती म्हणून सांगितलं. लोक एकच डबा आणून दोन्हीकडे ओततात.

चारचाकीवाली
लिमिटेड स्लिप ओळखायचं सोपं आहे. मागची दोन्ही चाकं वर घ्या, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेला फिरलं तर साधा ओपन डिफ. फिरायलाच जड गेलं किंवा हललंच नाही तर आत काहीतरी आहे. न्यूट्रलमध्ये करू नका, तेव्हा कुठलं चाक कसं फिरेल सांगता येत नाही आणि उगाच चुकीचा निष्कर्ष निघतो. हे करताना हँडब्रेक सोडलेला असणार, तसाही तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांवर असतो, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा आणि एक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवर कोणीही खाली जाऊ नये, कृपया.

रविवारचा_मेकॅनिक
ताई हे भारी सांगितलंत. मग चाकं वर असतानाच ऑइल पण बदलून घेऊ ना?

चारचाकीवाली
नको. फिलर भोक मागच्या झाकणावर असेल आणि मागची बाजू वर असेल तर गाडी नाकावर कललेली असते, भोक आपोआप उंच जातं आणि तेल जास्त भरलं जातं. मग ते ब्रीदरमधून (डिफमधली हवा बाहेर सोडणाऱ्या भोकातून) बाहेर नाहीतर सील ओलांडून ब्रेक शूजवर. चारी चाकं जमिनीवर ठेवूनच भरा, पिकअपखाली सरपटत जायला जागा असते तेवढी. भोकातून तेल बाहेर ओघळायला लागलं की थांबायचं. काही गाड्यांना भोकाच्या थोडं खालपर्यंतच सांगितलेलं असतं ते मॅन्युअलमध्ये बघा.

तेलकट_हात
आणि फिलर प्लग आधी सोडव हे विसरू नको.

सिंथेटिकशिवाय_नाही
झाकण खोलणार असशील तर अ‍ॅल्युमिनियमचं पंख्यांवालं झाकण बसवून टाक. ड्रेन प्लग पण मिळतो त्यात, मॅग्नेटवाला. मी बसवलंय. मागून दिसतं पण छान.

नट_बोल्ट_नाना
झाकण खोलायचंच आहे. सगळे बोल्ट काढायचे नाहीत पण, वरचे एक-दोन अर्धवट धरून ठेवायचे, मग खालून स्क्रू ड्रायव्हरने अलगद फट पाडायची म्हणजे तेल ट्रेमध्ये पडतं, अंगावर नाही. दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने चकाचक पुसायची, जुन्या सिलिकॉनचा कणही राहता कामा नये. नवीन सिलिकॉनची अखंड रेघ प्रत्येक बोल्टाच्या भोकाच्या आतल्या बाजूने. आणि ट्यूबवर लिहिलाय तेवढा वेळ वाळू द्यायचं, लोकांना तिथेच घाई होते.

क्राऊन_पिनियन
नानांशी सहमत, खोललं तर दात डोळ्यांनी बघता येतात, पंपाने ते होत नाही. आधी गाडी थोडी फिरवून आण, गरम तेल पटकन निघतं. करडी मऊ पेस्ट असेल तर काळजी नाही, ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे आले तर मात्र पुढचं काम वेगळं. दुधाळ असेल तर पाणी गेलंय, मग ब्रीदर तपास.

रविवारचा_मेकॅनिक
झालं काम. सगळ्यांनी रागवायचं नाही, पंपानेच केलं.

कारण सांगतो. झाकणाचे खालचे तीन बोल्ट इतके गंजलेत की डोकी पापुद्र्यांनी सुटतायत, गोटी पाना लावला की नुसता फिरतो. एखादा आत मोडला असता तर गाडी तिथेच बसली असती, आणि सोमवारी मला ती लागते. फिलर प्लग मात्र आधी सोडवला (तेलकटभाऊ, नमस्कार), रॅचेटचं टोक थेट खाचेत बसलं, पाइप लावून जोर दिला तेव्हा कुठे हलला. चाकं उलटी फिरली म्हणजे ओपन डिफ. मॅन्युअल साइटवर मिळालं, त्यातही ८०डब्ल्यू-९० जीएल-५ च लिहिलंय. गाडी फिरवून आणून नळी तळापर्यंत घालून ओढलं, डांबरासारखं काळं, वास तर विचारू नका, शर्ट बाहेरच ठेवायला लावला घरच्यांनी. बोटांत चोळून बघितलं, करडं आणि मऊ, तुकडे नाहीत. ब्रीदरच्या टोपीत चिखल गच्च भरला होता, तो साफ केला. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा थोडं कमीच निघालं, म्हणजे तळाला राहिलंय हे मान्य. थोडे दिवस चालवून परत ओढून परत भरणार, साधं ऑइल दोनदा घातलं तरी खर्च सिंथेटिकच्या एका डब्याच्या आतच बसतो. झाकण ज्या दिवशी गळेल त्या दिवशी खोलू.

नट_बोल्ट_नाना
गळेलच.

सिंथेटिकशिवाय_नाही
पंख्यांवाल्या झाकणासोबत नवीन बोल्ट येतात.

चारचाकीवाली
ब्रीदर साफ केलात ते बरं झालं. जुनं तेल गटारात नको, कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल परत घेणाऱ्याकडे द्या.

क्राऊन_पिनियन
चालेल की. नळी मात्र दुसऱ्या वेळेआधी धुऊन घे, नाहीतर भरताना आतलं जुनं नव्यात जाईल. पंप कोणाचा होता?

रविवारचा_मेकॅनिक
शेजाऱ्यांचा. तीनदा धुतला, वास जात नाहीये. त्यांना अजून सांगितलं नाही.