डिस्क गोल्फ: बॅगेत नेमके किती मोल्ड ठेवायचे? (मदत हवी आहे)

टप्पा_चुकला

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा आडवाटेचा आहे, इथे कोणी डिस्क गोल्फ खेळतं का तेही माहीत नाही पण विचारून बघतो. मी सॅन होजेला असतो. दीड वर्षापूर्वी ऑफिसमधला एक जण हेल्यर पार्कला घेऊन गेला, म्हणाला चल, तेवढंच चालणं होईल. चालणं झालं ते झालंच पण आता गाडीच्या डिकीत सव्वीस डिस्क आहेत आणि पार्सल आलं की उघडायच्या आधीच "आली का अजून एक ताटली" असं ऐकावं लागतं.

तर अडचण अशी की त्यातल्या अठरा मी बॅगेत घेऊन फिरतो आणि त्या अठरा डिस्क सोळा वेगवेगळ्या मोल्डच्या, म्हणजे साच्यांच्या आहेत. लांब फेकायच्या ड्रायव्हरमध्ये डिस्ट्रॉयर आहे, रेथ आहे, फायरबर्ड, टीबर्ड, लेपर्ड, मग मधल्या अंतराच्या मिडरेंजमध्ये बझ, रॉक३, माको३, शिवाय झोन, शेवटच्या जवळच्या थ्रोसाठीचे पटर तीन प्रकारचे, आणि बाकीच्या कुठे तरी व्हिडिओ बघून घेतलेल्या, नावंसुद्धा डिस्क उलटी करून वाचावी लागतात. माझा बॅकहँड कसाबसा अडीचशे फूट जातो, उजव्या हाताने.

गेल्या शनिवारी सांताक्रूझला डीलाव्हिएगावर गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथलं २७ नंबरचं होल म्हणजे 'टॉप ऑफ द वर्ल्ड', टेकडीच्या माथ्यावरून खाली फेकायचं, पाचशेच्या वर फूट, समोर माँटेरेचा उपसागर दिसतो, अगदी फोटो काढण्यासारखं. मी तिथे उभा राहून आधी डिस्ट्रॉयर काढली, मग आत टाकून रेथ काढली, मग वाटलं वारा आहे तर फायरबर्ड, मागचा ग्रुप येऊन उभा राहिला, घाईघाईत पुन्हा डिस्ट्रॉयर काढून फेकली ती अर्ध्यातच डावीकडे वळून पॉयझन ओकच्या झुडपात. हाताला अजून खाज आहे. मित्राच्या बॅगेत नऊ डिस्क, चारच मोल्ड. त्याने न बघता टीबर्ड काढली, फेकली आणि चालायला लागला. राउंड संपला तेव्हा तो अकरा थ्रोने पुढे.

किती मोल्ड ठेवू? आणि काढू कोणते? सगळ्यांवर जीव जडलाय हा भाग वेगळा.

आगाऊ_पाव्हणा

दादा आधी हे काय असतं ते सांगा, फ्रिस्बीच ना ही?

टप्पा_चुकला

फ्रिस्बीचीच चुलत भावंडं. गोल्फसारखंच, फक्त बॉलऐवजी डिस्क आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट, कमीत कमी थ्रोमध्ये डिस्क बास्केटमध्ये टाकायची. हे बास्केट एड हेड्रिक नावाच्या माणसाने १९७५ च्या सुमारास काढलं, पीडीजीए ही डिस्क गोल्फची संघटना १९७६ मध्ये त्यानेच सुरू केली. २००२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थींची राख मिसळून डिस्क बनवल्या. तेव्हा माझ्या घरच्यांना सांगा, माझं वेड त्यामानाने काहीच नाही.

जुना_स्ट्रायकर

अहो तुमचा घोळ असा झालाय की डिस्क किती आणि मोल्ड किती हे दोन प्रश्न तुम्ही एकच समजताय. डिस्क अठरा ठेवा की वीस, नियमात मर्यादाच नाही, मोठ्या गोल्फमध्ये चौदा क्लबच्या वर चालत नाही तसं इथे काही नाही. खरं महत्त्व साच्याला आहे, कारण हाताला सवय साच्याची लागते. डिस्ट्रॉयरची कड दोन सेंटीमीटरच्या वर रुंद आहे, टीबर्डची दीडच्या थोडी वर, पटरची एकाच्या आसपास. सोळा मोल्ड म्हणजे अठरा होलमध्ये बोटं सोळा वेळा नव्याने पकड शोधणार. आमच्या चाळीत कॅरम खेळताना प्रत्येकाचा स्ट्रायकर ठरलेला असायचा, दुसऱ्याचा हातात आला की ब्रेकसुद्धा धड व्हायचा नाही, स्ट्रायकर तोच पंधरा ग्रॅमचा असला तरी. तसंच आहे हे.

आता तुमच्या बॅगेकडे बघू. डिस्ट्रॉयरवर लिहिलेले आकडे १२, ५, -१, ३ आणि रेथवर ११, ५, -१, ३. म्हणजे स्पीड एकाने कमी, बाकी ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न (आधी उजवीकडे वळणं), फेड (शेवटी डावीकडे वळणं) सगळं तेच. अडीचशे फुटाच्या हाताला यातला फरक दिसणारच नाही, दोन्ही एकाच झुडपात जाणार. बारा स्पीडची डिस्क तेवढ्या वेगाने सुटली नाही तर तिचा टर्न येतच नाही, नुसता फेड उरतो, म्हणून तुमची अर्ध्यात डावीकडे वळली. वाऱ्याचा दोष नाही त्यात.

मी काय करतो, चार मोल्ड. एव्हिअर (हा पटर), रॉक३, टीबर्ड, फायरबर्ड. टीबर्ड मात्र चार आहेत. एक नवीकोरी चँपियन प्लास्टिकची, एक स्टारची दोन वर्षं वापरलेली, दोन साध्या डीएक्सच्या, त्यातली एक झाडांवर आपटून आपटून कडेला दातरे पडलेली, ती आता सरळ सोडली तर उजवीकडे वाहत जाते आणि डावीकडे परत यायचं नावच घेत नाही. क्रिकेटचा नवा बॉल आणि साठ ओव्हरचा बॉल वेगळा वागतो ना, तेच. पकड एकच आणि वागणं चार तऱ्हेचं.

बर्फातली_बास्केट

मी फिनलंडला एस्पूमध्ये असते, आमच्याकडे हा खेळ गल्लोगल्ली आहे, म्हणून बोलते. वरच्या दादांचं पटतं पण अर्धंच. डिस्क झिजायला वेळ लागतो हो, आणि झिजलेली आवडती डिस्क तळ्यात गेली की तशीच दुसरी कुठून आणणार? दुकानात दोन वर्षं झिजवलेली टीबर्ड मिळत नाही. ज्याचा हात अजून बसायचाय त्याने उजवीकडे वळणारी डिस्क हवी तर सरळ लेपर्ड घ्यावी, ६, ५, -२, १, पहिल्या दिवसापासून वळते. हरवली तर तीच पुन्हा घेता येते.

दुसरं म्हणजे वजन. मला एकशे पंचाहत्तर ग्रॅमची ड्रायव्हर झेपतच नव्हती, दीडशेची घेतली आणि तोच साचा एकदम पळायला लागला. तेव्हा मोल्ड बदलायच्या आधी वजन बदलून बघा. मी सहा मोल्ड ठेवते, थंडीत त्यातलेही तीनच. महागड्या प्लास्टिकच्या डिस्क थंडीत दगड होतात, पकडच येत नाही, साधं प्लास्टिक बरं. शिवाय बर्फात शोधायला डिस्कला खालून रिबिन चिकटवते, सहा-सात डिस्कना रिबिनी लावून झाल्या की आपोआप मोल्ड कमी होतात!

टप्पा_चुकला

@जुना_स्ट्रायकर, चार टीबर्ड असल्या तर ऐन वेळी कुठली कुठली ते कसं कळतं? माझा गोंधळ तिथेच तर होतो. @बर्फातली_बास्केट, रिबिनवाली आयडिया घरी सांगितली, खूप हसले.

जुना_स्ट्रायकर

रंगावरून. लाल नवी, पिवळी जुनी, निळ्या दोन म्हाताऱ्या. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात, आई न बघता हळदीत चमचा घालायची कारण वाटीची जागा ठरलेली. बॅगेतही जागा ठरवा. आणि ताईंचं लेपर्डचं बरोबर आहे, तुमच्या टप्प्यावर माझ्यासारखं झिजवत बसू नका. मी हे सांगतो तेव्हा विसरतो की मला त्याला सात वर्षं लागली.

एक करून बघा. हेल्यरला जाऊन एक राउंड फक्त एका मिडरेंजने खेळा, पटिंगसुद्धा तिनेच. मग पुढच्या राउंडला "हा थ्रो हिने होतच नाही" असं जिथे खरंच वाटलं तिथेच एक मोल्ड वाढवा. वाटलं पाहिजे, व्हिडिओत बघून नाही.

टप्पा_चुकला

अपडेट देतो. काल संध्याकाळी फक्त बझ घेऊन गेलो, बॅग गाडीतच ठेवली, हात एवढे मोकळे की चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. पहिली चार होल वाईट गेली, पटिंगला तर बझ हातात परातीसारखी वाटते. पण सहाव्यापासून फेकायच्या आधी विचार करायला काही उरलंच नाही, मग मुकाट्याने खांदा आणि सुटण्याचा कोन याकडे बघत बसलो, आणि लक्षात आलं की मी प्रत्येक वेळी डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर करून सोडतोय. दीड वर्ष हे दिसलंच नव्हतं, कारण दर वेळी डिस्कलाच दोष देऊन दुसरी काढत होतो. स्कोअर नेहमीपेक्षा दोनच थ्रो जास्त, अठरा डिस्कवाल्या राउंडच्या!

अडलो दोनच ठिकाणी. एक पटिंगला, त्याला एव्हिअर परत घेतो. दुसरं, अकराव्याला समोरून वारा होता आणि बझ उजवीकडे पार्किंगच्या दिशेने निघून गेली. तिथे वाऱ्याला न जुमानणारं काही तरी हवं. माझ्याकडे फायरबर्ड आहे आणि झोनही आहे, दोन्हींपैकी एकच ठेवायची म्हटलं तर कुठली?

बर्फातली_बास्केट

झोन. फायरबर्ड नऊ स्पीडची आहे, नाक वर जातं म्हणताय तोवर तरी तिला हात लावू नका. झोनची पकड बझपासून फार लांब नाही, हात लगेच बसेल. लेपर्ड महिनाभराने.

आगाऊ_पाव्हणा

दादा उरलेल्या बावीस ताटल्यांचं काय करणार? मी फ्रीमाँटला असतो, सहज विचारलं.

टप्पा_चुकला

रविवारी सकाळी आठला हेल्यरला या. डिस्ट्रॉयर सोडून कुठलीही न्या, ती अजून झुडपातच आहे.